सात नंबरचं मोहोळ

गोरक्षनाथ शिरसाठांना एका प्रश्नाचा वीट आला होता. "मॅडम आहेत का?"

एकतीस वर्षं पोलिसात काढलेला, पांढऱ्या मिशांचा, ताठ छातीचा माणूस पुढ्यात बसलेला असायचा. तरी संगमनेरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे बघत हेच विचारायचं.

शनिवारी सकाळी आठला आलेल्या बाईनंही तेच विचारलं.

"आहेत की," शिरसाठ म्हणाले. "बसा. आमच्या मॅडमसारखं डोकं अख्ख्या जिल्ह्यात नाही बघा."

हे वाक्य ते दोन वर्षं म्हणत होते आणि दर वेळी भाकरीत खडा लागावा तसं दाढेखाली काहीतरी करकरायचं. मॅडम म्हणजे राजनंदिनी गुंजाळ, खाजगी गुप्तहेर, वय चौतीस. शिरसाठांच्या नोकरीपेक्षा तीनच वर्षांनी मोठी.

बाई आत आली. हिला राजनंदिनी ओळखत होती. अश्विनी पगारे. तिच्या भावावर, सम्राटवर, गेल्या वर्षी चोरीचा खोटा आळ आला होता, तो राजनंदिनीनं पुसून काढला होता. अश्विनीनं पदराआडून मधाची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ताई, तुमची फी आधीच देते. माझं मोहोळ गेलं. आज चार वाजता बैठक हाय. मला गटातून काढणार."

"नीट सांग. पहिल्यापासून."

अश्विनीनं सांगितलं. मुळा धरणाच्या फुगवट्यात एक टेकडी होती. धरण भरलं तेव्हा तिचं बेट झालं. लोक त्याला नुसतं 'टेक' म्हणत. चार वर्षांपूर्वी सातेरी जातीच्या मधमाश्यांवर रोग आला आणि आसपासची सगळी मोहोळं मेली. टेकावरच्या एका पोकळ बाभळीत मात्र एक जगलं. ते अश्विनीला सापडलं. तिनं ते पेटीत बसवलं आणि पेटीवर सात नंबर टाकला; आधीच्या सहा पेट्या रोगात गेल्या होत्या. पुढे अकरा बायकांचा गट झाला, त्या एका मोहोळाची चोवीस झाली. बेटावरची पेटी बाहेर न्यायची नाही आणि बाहेरची आत आणायची नाही, हा गटाचा पहिला नियम. रोग पुन्हा शिरू नये म्हणून.

"बुधवारी मी सात नंबर उघडली. मध, अंडी, पिल्लं, सगळं गच्च. गुरुवारी सांजंला शेवटच्या होडीनं निघाले तवाबी दारात माश्यांची ये-जा हुती. काल शुक्रवारी सकाळी आठला जाऊन बघते, तर आत काळं वाळकं पोळं. मी म्हणते, हे पोळं माझं न्हाई. बाया म्हणतात, तू लक्ष दिलं न्हाई म्हणून माश्या घर सोडून पळाल्या."

"एक पेटी गेली तर तेवीस आहेत ना?" शिरसाठांनी विचारलं.

अश्विनीनं त्यांच्याकडे पाहिलं. "आमच्याकडं गुंठाभर जमीन न्हाई, काका. गावात आमचं म्हणून काही उभं असंल तर ते तेवढं हुतं."

राजनंदिनीनं जीपची किल्ली उचलली.

---

अकराच्या सुमारास अश्विनीसह ते तिघं काठावर पोचले. काठालगत एक एकरभर कांदा फुलावर आलेला होता, पांढरे गोंडेच गोंडे. बांधावर उभा असलेला माणूस आपण होऊन पुढे आला. हा कल्याण. बियाण्यासाठी कांदा करायचा.

"मला धरायला आला असाल," तो म्हणाला. "अश्विनी चोरी झाली म्हनती, तवापून लोक माझंच नाव घेत्यात."

"घेण्यासारखं काही केलंय का?" शिरसाठांनी पोलिसी आवाज लावला.

"मागितल्या हुत्या पेट्या, व्हय. माशी बसल्याबिगर गोंड्यात बी भरत न्हाई. चार पेट्या म्हैनाभर द्या म्हनलं. अश्विनीनं नाकानं कांदं सोललं. बेटाभाहेर पेटी जात न्हाई म्हने! हितून बेट दिसतंय, हाकंच्या अंतरावर."

"शुक्रवारी सकाळी कुठे होतात?"

"टेकावरच. होडीच्या पयल्या खेपंला गेल्तो, म्हनलं गटातल्या कडूबाईला इनवून बघावं. तिनं हाकललं. मंग होडीवाल्या अजिनाथसंगं बसलो आनि त्याच्यासंगंच माघारी आलो."

शिरसाठांनी मनात गाठ मारली. हेतू आहे, जागेवर हजर आहे, वर जोरही आहे. आज निदान एकदा तरी मॅडमच्या आधी आपण पोचलो. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पिकू दे, मग तोडू.

अजिनाथची होडी ही टेकावर जाणारी एकुलती एक होडी. राजनंदिनी कडेला बसली आणि पाण्यात हात सोडून बघत राहिली. होडी तिच्या बाजूला कलली. शिरसाठ मधल्या फळीवर आखडून बसले होते. त्यांना ते दिसलं, पण ते गप्प राहिले.

"अजिनाथभाऊ, शुक्रवारी पहिल्या खेपेला कोण कोण होतं?"

"पावनेसातला निघालो. कडूबाई, शेळक्यांची सून आनि ह्यो कल्यान. कडूबाई इळा घिऊन वरच्या अंगाला सरपनाला गेली, सूनबाई पेट्यांकडं. कल्यान कडूबाईचं दोन शबुद खाऊन लगीच माघारी आला, माझ्यापाशी बिडी वढत बसला. साडेसातला आमी दोघं निघालो. आठला अश्विनीला घिऊन परत."

"अश्विनी, तू बसलीस तेव्हा होडीत काही होतं?"

"काही न्हाई. वल्हं आणि घमेलं."

"अजिनाथभाऊ, त्यानंतर कुठली पेटी नेली?"

"माझ्या होडीतनं पेटी जात न्हाई, बाई," अजिनाथ दुखावून म्हणाला. "गटाचा नेम हाय. बेस्तरवारी तर उलट मीच सामान आनून टाकलं. चार नव्या पेट्या मांडायच्या हायेत, त्येच्यासाठी सोळा करवंट्या, घासूनपुसून."

"आणि आज पहिल्या खेपेला?"

"आज सूनबाई एकलीच. कडूबाईचं गुडघं धरल्यात, ती धाला आली."

---

टेकावर उतरल्याबरोबर वारा बदलल्यासारखा वाटला. रानतुळशीचा वास, बाभळींची पातळ सावली आणि सगळीकडे एक बारीक सतत चालणारा आवाज. पेट्या तीन ओळींत मांडल्या होत्या, ओळीला आठ. गट अकरा जणींचा असला तरी माश्यांना हात लावणाऱ्या तिघीच. एक ओळ कडूबाईची, एक अश्विनीची, एक दीपाची. बाकीच्या मध गाळायच्या आणि बाजारात न्यायच्या.

प्रत्येक पेटी चार पायांच्या घडवंचीवर होती आणि प्रत्येक पायाखाली पाण्यानं भरलेली करवंटी. "मुंग्या चढू नयेत म्हणून," अश्विनीनं सांगितलं. "माशीचा मुंगीएवढा वैरी न्हाई."

शिरसाठांना गंमत वाटली. कडूबाईच्या ओळीत करवंट्यांच्या पाण्यावर राखेचा थर होता. अश्विनीच्या ओळीत तळाशी दोन-दोन खडे. दीपाच्या ओळीत तर पाण्यावर कचराच तरंगत होता. त्यांनी वाकून एका करवंटीतली वाळकी काडी बोटानं काढून फेकली.

"अहो काका, ऱ्हाऊ द्या ती!"

तिशीची, चापूनचोपून साडी नेसलेली बाई धावत आली. तिनं तीच काडी शोधून पुन्हा पाण्यावर आडवी ठेवली. तिच्या अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना, पानाच्या आकाराचा डाग होता. "माशी पाणी प्यायला येते नं. काडी असली की तिच्यावर बसते. नसली तर बुडून मरते."

"तुम्ही?"

"मी दीपा. दीपा शेळके."

"सगळ्यांच्याच करवंट्यांत काडी का नाही मग?" राजनंदिनीनं विचारलं.

"ज्याची त्याची पद्धत. कडूमावशी राख टाकतात, अश्विनी खडं टाकते. मी आपली काडीवाली." ती हसली. "पण अश्विनीची सर कुणाला न्हाई हं ताई. तिच्या हातात काय हाय कोण जाणे, माशी तिला चावतच न्हाई. आमी सगळ्या तिच्याकडं बघूनच शिकलो."

अश्विनी खाली मान घालून उभी होती. दीपानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मोहोळ गेलं त्याबद्दल काय वाटतं?" राजनंदिनीनं विचारलं.

"सातेरीची जातच तशी. मनात आलं की उठते. अश्विनीचा दोष न्हाई, मी बैठकीत सांगणार हाय तसं. कुणाकडनंपण चूक होते."

"शुक्रवारी सकाळी?"

"माझ्या ओळीत पाणी घालत हुते. सातकडं गेलेच न्हाई."

राजनंदिनी सात नंबरच्या पेटीपाशी गेली. झाकणावर पांढऱ्या रंगात मोठा सात. अश्विनीनं झाकण उचललं. आत काळी, कोरडी पोळी आणि एका कोपऱ्यात मूठभर माश्या बिलगून बसलेल्या. तेवढ्यात बाहेरून आणखी एक आत आली, तिच्या पायांना परागाचे पिवळे गोळे होते. ती पोळ्यावर इकडून तिकडे फिरत राहिली.

"मागं ऱ्हायलेल्या असतील," मागून दीपा म्हणाली.

राजनंदिनीनं दोन पोळ्यांच्या फटीतून चिमटीनं काहीतरी ओढून काढलं. कडुनिंबाचं वाळलेलं पान. हातात घेताच चुरा झाला.

"हे आत कसं?"

"आत न्हाई ऱ्हायचं कधी," अश्विनी पटकन म्हणाली. "माशी घरात कुसळ टिकू देत न्हाई, ओढून भाहेर टाकते. निंबाचा पाला आमी सामानाच्या खोलीतल्या जुन्या पोळ्यांत घालतो, कीड लागू नये म्हणून."

शिरसाठांनी खिशातली वही काढून लिहिलं, 'कल्याण'. आणि खाली दोन रेघा ओढल्या.

---

पेट्यांच्या मागे पत्र्याची एक खोली होती. रिकाम्या पेट्यांची चळत, जुनी पोळी, माश्यांना धूर द्यायची धुराडी, मध गाळायचं यंत्र. कोपऱ्यात नव्या करवंट्या चार-चार एकात एक घालून ठेवलेल्या. राजनंदिनी तिथं खाली बसून त्या मोजत होती. शिरसाठांना हसू आलं. उघड्यावर चोर फिरतोय आणि मॅडम करवंट्या मोजतायत.

त्यांची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली. वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलेलं होतं. 'बेटावरची मधुकन्या'. अश्विनी सात नंबरच्या पेटीतलं माश्यांनी भरलेलं पोळं हातात धरून हसत उभी. फोटोच्या कडेला आणखी एक हात होता. नुसता हात, मनगटापर्यंत. तो धुराडं धरून होता आणि त्याच्या अंगठ्याजवळ पानाच्या आकाराचा डाग होता.

शिरसाठ बराच वेळ तिथं उभे राहिले. गेल्या दिवाळीत संगमनेरच्या पेपरात मॅडमचा फोटो आला होता. त्यात शिरसाठांचं कोपर होतं. बायकोनं ते कोपर ओळखलं आणि कौतुकानं शेजारणीला दाखवलं, तेव्हा त्यांना पेपर चुलीत घालावासा वाटला होता.

"काय बघताय, काका?" राजनंदिनीनं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

कडूबाई बाहेर बाभळीखाली गुडघ्याला तेल चोळत बसली होती. सत्तरीची, काळी, काटक. राजनंदिनी तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"मावशी, तुमचं आणि अश्विनीचं पटत नाही म्हणतात."

"खरं हाय त्ये. जळते मी तिच्यावर." कडूबाईनं आवाजही खाली आणला नाही. "चाळीस वर्सं मव्हळं उतरवली म्या. हिला राणीमाशी कंची त्ये म्या दावलं. आनि पेपरात फोटू हिचा! त्या दिशीच तिला तोंडावर सांगितलं, तुज्या सात लंबरला आता माजा हात लागायचा न्हाई. तवापून त्या पेटीकडं म्या फिरकले न्हाई."

"मग तिला काढलं तर तुम्हाला बरंच की."

"मला काय बरं? दोन शिव्या घातल्या, झालं. भांडाय समूर मानूस तर पायजे. ह्या गटात माशी कळती ती तिला आनि मला. शेळक्यांची सून बी हुशार हाय, पन ती आपली गोड गोड बोलती, भांडत न्हाई."

राजनंदिनी हसली. "एक सांगा मावशी. पेटी जागची हलवली तर काय होतं?"

"लांब न्हेली तर काय न्हाई. कोसाच्या आत हलवली तर रानात गेलेली माशी माघारी जुन्याच जाग्याव येती. येडी, घर शोधत बसती तितं."

"आणि तुम्हाला या बेटावर आणखी एक पेटी बसवायची असली, या ओळी सोडून, तर कुठे बसवाल?"

कडूबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "खालच्या अंगाला, जुन्या खळ्याच्या भित्तीआड. वारं लागत न्हाई, सकाळचं ऊन येतं, करंजाची सावली. पन तितं कोन जातंय, सगळी काट्याची जाळी."

राजनंदिनी उठली. "काका, तुम्ही भाकरी खाऊन घ्या. मी जरा फिरून येते."

ती तासाभरानं आली. ओढणीला कुसळं, पोटरीवर काट्याचे ओरखडे. शिरसाठांनी तिला गाठलं.

"मॅडम, कल्याणला ताब्यात घेऊया. पेटी त्याच्या कांद्यात आहे. त्या मूठभर माश्या पाण्यावरून परत येतायत. कडूबाईनंच सांगितलं, कोसाच्या आत."

"तुम्ही निम्मं बरोबर आहात, काका."

निम्मं! शिरसाठांना एकतीस वर्षांची नोकरी निम्म्यावर आल्यासारखी वाटली.

---

चार वाजता अकराही बायका बाभळीखाली जमल्या. अजिनाथ होता, कल्याणलाही बोलावून घेतलं होतं. अश्विनी सगळ्यांपासून हातभर लांब बसली होती आणि जमिनीवरचं गवत उपटत होती.

"आधी एवढं सांगते," राजनंदिनी उभी राहून म्हणाली. "सात नंबरच्या माश्या पळाल्या नाहीत. घर सोडून जाणारं मोहोळ सगळं जातं. कोणी पायाला पराग लावून परत येत नाही. त्या पेटीतल्या माश्या घरी आल्यात आणि त्यांना घर सापडत नाहीये. म्हणजे घर कोणीतरी हलवलं."

बायकांत कुजबूज झाली.

"पेटीतली पोळी खोलीतली जुनी आहेत. त्यांत निंबाचं पान होतं. चोरानं सकाळच्या गारठ्यात, माश्या आत गपगार असताना, पेटीचं दार चिंधीनं बंद केलं आणि अख्खी पेटी उचलली. खोलीतली रिकामी पेटी जुनी पोळी घालून तिच्या जागी ठेवली आणि सात नंबरचं झाकण तिच्यावर चढवलं. पाव तासाचं काम."

"आन् न्हेली माझ्या कांद्यात, असंच ना?" कल्याण उठला.

"बसा. कशी न्याल? होडी एकच. ती माघारी गेली तेव्हा रिकामी होती, हे अश्विनीनंच पाहिलंय. कडूबाईंनी हाकलल्यावर तुम्ही सगळा वेळ अजिनाथजवळ होतात. पेटी बेटाबाहेर गेलीच नाही. सगळे काठाकडे बघत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

शिरसाठांनी वही हळूच खिशात सरकवली.

"ते मला करवंट्यांनी सांगितलं. अजिनाथनं गुरुवारी सोळा आणल्या. खोलीत बारा आहेत. चार कुठे गेल्या? मोहोळ चोरून विकणारा मुंग्यांची काळजी कशाला करील? चार करवंट्या एका घडवंचीला लागतात. चोरानं पेटी पळवली, पण मुंग्यांच्या तोंडी द्यायचा जीव झाला नाही. म्हणजे चोर माश्यांवर जीव असणाऱ्या तिघींपैकी एक."

अश्विनीनं मान वर केली. कडूबाईचा तेलाचा हात गुडघ्यावरच थांबला.

"अश्विनी आठला आली, तेव्हा पेटी गेलेलीच होती. उरल्या दोघी. मावशींना विचारलं, नवी पेटी कुठे ठेवाल. त्यांनी जागा सांगितली. तिथं सात नंबरचं मोहोळ आहे. जिवंत, भरलेलं."

अश्विनी उठून उभी राहिली, पुन्हा बसली.

"म्या न्हाई न्हेलं!" कडूबाई ओरडली.

"नाही, मावशी. तुम्ही नेलं असतं तर ती जागा मला सांगितली नसती. आणि तुमच्या करवंटीत राख असते. खळ्यामागच्या चारही करवंट्यांत पाण्यावर एकेक वाळकी काडी आडवी ठेवलेली आहे."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. दीपा हसत होती, पण ते हसू तोंडावर विसरून राहिल्यासारखं होतं.

"काडी कुणीपण टाकंल," ती म्हणाली.

"टाकेल. पण त्या करवंट्या दुपारी काठोकाठ भरलेल्या होत्या. आज सकाळी पाणी घातलेलं. आज पहिल्या खेपेला बेटावर एकटं कोण आलं होतं, ते अजिनाथनं सांगितलंय."

अजिनाथनं नजर चुकवली. कडूबाई म्हणाली, "अगं पन का? अठरा एकर बागाईत हाय तुमचं. तुला काय कमी?"

राजनंदिनीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती शिरसाठांवर थांबवली. "कारण शिरसाठ काका सांगतील."

शिरसाठांचा हात उगाच खिशातल्या वहीकडे गेला. एकतीस वर्षांत साहेबांसमोर, कोर्टासमोर ते इतके कधी गडबडले नव्हते. मॅडमना काय माहीत आहे? आणि कधीपासून? मग त्यांना भिंतीवरचा तो हात आठवला, आणि काय बोलायचं ते कळलं.

"मला माशीतलं काही कळत नाही," ते उभे राहून म्हणाले. "मला कोपराचं कळतं. आमच्या मॅडमचा फोटो पेपरात आला, त्यात माझं कोपर होतं. खोलीत तुमच्या अश्विनीचा फोटो आहे. कडेला एक हात आहे, धुराडं धरलेला. धूर केल्याशिवाय पोळं बाहेर निघालं असतं का? नसतं. पण नाव एकीचं आलं. असं झालं की माणूस भांडत नाही. कडूमावशी भांडल्या, मोकळ्या झाल्या. ज्याला भांडायची लाज वाटते तो कौतुक करत सुटतो. दिवसातून चारदा करतो. आणि प्रत्येक वेळी दाढेखाली खडा लागतो. मला माहीत आहे, कारण मीही तेच करतो."

दीपाचं हसू गेलं. तिनं अंगठा दुसऱ्या मुठीत लपवला.

"सोमवारी आणणार हुते मी," ती म्हणाली. "मला मोहोळ सापडलं म्हणून. मीच त्याला वाचवलं म्हणून. एकदा, एकदाच माझं नाव झालं असतं. अठरा एकर हाय, पण ते शेळक्यांचं हाय. मी शेळक्यांची सून. अजिनाथभाऊ सून म्हणतात, मावशी सून म्हणतात. लग्न होऊन धा वर्सं झाली, मला नावानं कुणी हाक मारत न्हाई."

"मी मारत हुते," अश्विनी म्हणाली.

दीपानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हमसून रडायला लागली. तिच्याकडे जायला कोणी उठलं नाही, अश्विनीसुद्धा नाही. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ रागानं पांढरे पडले होते.

"मागितलं असतंस तर फोटोत तुला मधी उभं केलं असतं मी."

"मागून नको हुतं," दीपा हातांआडून म्हणाली.

कडूबाई काठी टेकत उठली. "बैठक उठली. अश्विनीला कुनी काडत न्हाई. सूनबाईचं... दीपाचं काय करायचं ते अश्विनी सांगंल."

अश्विनीनं पदर खोचला. "ऊन उतरलं की माश्या आत बसतील. पेटी जाग्यावर आणायची हाय. एकटीनं आणली तर पोळं हिंदकळतं." ती दीपाकडे न बघता म्हणाली, "चल. एका अंगानं तू धर."

सूर्य पाण्यावर टेकला तेव्हा काट्याच्या जाळीतून दोघी बाहेर आल्या, मध्ये पेटी धरून. एकमेकींशी एक अक्षर न बोलता, पण पावलाला पाऊल जुळवून. अश्विनीनं जुन्या पोळ्यावरच्या मूठभर माश्या आधी पेटीत झाडल्या आणि मग दारातली चिंधी काढली. दीपानं ओंजळीनं चारही करवंट्या भरल्या. काडी टाकायला तिचा हात गेला आणि थबकला.

"टाक," अश्विनी म्हणाली.

---

परतीच्या होडीत राजनंदिनी पुन्हा कडेला बसली होती. शिरसाठ मधल्या फळीवर.

"तुम्हाला कधी कळलं?" शिरसाठांनी विचारलं. "माझं."

"फार आधी. दोन वर्षं तुम्ही येईल त्याच्यासमोर माझं कौतुक करताय, काका. मनापासून कौतुक करणारा माणूस कधीतरी चूकही काढतो. तुम्ही एकदासुद्धा काढली नाही. आज दीपा बोलायला लागली आणि मला वाटलं, हे मी कुठंतरी ऐकलंय. तिचं मन माझ्याआधी तुम्हाला कळलं होतं. फोटोसमोर उभे होतात तेव्हाच."

"मग सगळ्यांसमोर मला का उभं केलंत?"

"ते मी सांगितलं असतं तर तो आरोप झाला असता. आणि खरं तर मला सांगताही आलं नसतं."

शिरसाठांनी मिशांवरून हात फिरवला. मधाची बाटली ऑफिसात टेबलावर होती, उद्या मॅडम निम्मी आपल्याला देतील हे त्यांना माहीत होतं. दर वेळी देत असत. आजवर त्यांना त्याचाही राग यायचा.

"तुमची एक चूक सांगू, मॅडम?"

"सांगा."

"होडीत कडेला बसू नये. सकाळीही बसला होतात. होडी कलते. मला दिसत होतं, मी बोललो नाही."

राजनंदिनी सरकत सरकत मधल्या फळीवर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. होडी सरळ झाली.